पशुआहारातील स्फुरद : हाडांच्या चुऱ्यापासून फायटेज विकरापर्यंत

प्रस्तावना

प्राणिशरीरातील खनिजांत कॅल्शियमच्या खालोखाल स्फुरदाचे म्हणजेच फॉस्फरसचे प्रमाण असते. शरीरातील सुमारे ८० टक्के स्फुरद हाडांत व दातांत साठविलेले असते. उरलेले स्फुरद पेशींच्या आवरणांत, आनुवंशिक द्रव्यात आणि ऊर्जेच्या देवाणघेवाणीत कामी येते. स्फुरद कमी पडल्यास वासरांची वाढ खुंटते, गाय वेळेवर गाभण राहत नाही, दूध आटते आणि कोंबडीच्या पिलाचे पाय वाकतात. ही लक्षणे पशुवैद्यकाच्या परिचयाची आहेत. मात्र त्यांचे कारण उलगडण्यास व त्यावर परवडणारा उपाय सापडण्यास विसाव्या शतकाचा बहुतांश काळ जावा लागला.

या संशोधनाचा इतिहास दोन दृष्टींनी उद्बोधक आहे. पहिली गोष्ट अशी की, खाद्यात एखादे खनिज असणे आणि ते जनावराच्या अंगी लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सत्य या संशोधनातून टप्प्याटप्प्याने स्पष्ट झाले. दुसरी अशी की, प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान गोठ्यापर्यंत पोहोचणे हे केवळ त्या ज्ञानाच्या खरेपणावर अवलंबून नसते. खनिजाचा बाजारभाव, शासनाचे कायदे आणि टाकाऊ पदार्थांची समाजाला मोजावी लागणारी किंमत यांचाही त्यात वाटा असतो. प्रस्तुत लेखात दक्षिण आफ्रिकेतील सर आर्नल्ड थायलर यांच्या संशोधनापासून अमेरिकेतील टी. एस. नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग आणि त्यानंतर नेदरलँड्समध्ये झालेला फायटेज या विकराचा व्यावहारिक स्वीकार येथपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

१. ‘दारिद्र्याच्या माळा’वरील गुरे

दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ प्रदेशांत गुरांना ‘लॅमसिक्टे’ नावाचा रोग होत असे. आफ्रिकान्स भाषेतील या नावाचा अर्थ ‘लुळेपणाचा रोग’ असा आहे. धडधाकट दिसणारी गाय अचानक पायांतील बळ गमावी, खाली बसे, तिला गिळता येईनासे होई आणि थोड्याच दिवसांत ती मरे. या गुरांना हाडे चघळण्याची विलक्षण ओढ असते, हे तेथील शेतकऱ्यांनी फार पूर्वीच पाहिले होते. केप वसाहतीचे पशुवैद्य डंकन हचियन यांनी १८८०च्या दशकातच कुरणांतील फॉस्फेटच्या उणिवेकडे लक्ष वेधून गुरांना हाडांचा चुरा देण्याची शिफारस केली होती. तथापि हाडे चघळणे, स्फुरदाची उणीव आणि लुळेपणा यांचा परस्परसंबंध नेमका काय आहे, हे तेव्हा कोणासही सांगता आले नाही.

ही उकल करण्याचे श्रेय आर्नल्ड थायलर यांच्याकडे जाते. १८६७ साली स्वित्झर्लंडमधील फ्रिक या गावी जन्मलेले थायलर पशुवैद्यकाची पदवी घेऊन १८९१ मध्ये ट्रान्सव्हालमध्ये आले. तेथील सुरुवातीच्या काळातच कडबा कापण्याच्या यंत्रात सापडून त्यांनी एक हात गमावला. तरीही त्यांनी प्रयोगशाळेतील काम सोडले नाही. १९०८ मध्ये प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्ट येथे त्यांच्या नेतृत्वाखाली पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. पीतज्वराच्या लसीसाठी १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे मॅक्स थायलर हे त्यांचेच पुत्र होत.

लॅमसिक्टे हा एखाद्या विषारी वनस्पतीमुळे होणारा रोग असावा, असे थायलर यांचे दीर्घकाळ मत होते आणि त्या दिशेने त्यांनी अनेक वर्षे चारा तपासला. १९१९ मध्ये व्रायबर्गनजीकच्या आर्मूट्सफ्लाक्टे या शेतावर त्यांनी नव्याने प्रयोग सुरू केले. या जागेच्या नावाचा अर्थच ‘दारिद्र्याचा माळ’ असा आहे. तेथील मातीत स्फुरद अत्यल्प, त्यामुळे गवतातही अत्यल्प आणि म्हणून ते गवत खाणाऱ्या गुरांच्या शरीरातही अत्यल्प होते. त्या उणिवेपोटी गुरे माळावर पडलेल्या मृत जनावरांची हाडे व कुजके अवशेष चघळत. अशा अवशेषांत बोटुलिनम गटातील जिवाणूंचे विष तयार झालेले असे आणि तेच विष त्यांना लुळे करून मारत असे. थायलर यांनी १९२० मध्ये ही कारणमीमांसा प्रसिद्ध केली. रोगाचे तात्कालिक कारण विष होते, पण मूळ कारण आहारातील उणीव होते, हे या संशोधनाचे सार होय.

उपाय त्या मानाने सोपा ठरला. मृत जनावरांचे अवशेष कुरणावरून हटविणे आणि गुरांना निर्जंतुक केलेला हाडांचा चुरा नियमित देणे एवढ्याने रोगाला आळा बसला. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, चुरा मिळालेल्या गुरांची वाढ, दूध आणि प्रजोत्पादन या सर्वांत सुधारणा दिसली. लॅमसिक्टे न झालेल्या कळपांतही स्फुरदाची उणीव मूकपणे नुकसान करीत होती, हे त्यामुळे उघड झाले. रसायनज्ञ एच. एच. ग्रीन व पशुवैद्य पी. जे. डू टॉइट यांच्या साहाय्याने थायलर यांनी गुरांच्या किमान खनिज गरजांचा अभ्यास पुढे चालविला. तेथील गुरांच्या बाबतीत कॅल्शियमपेक्षा स्फुरदाची उणीव अधिक घातक आहे, असे १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून पुढे आले. जॉन बॉइड ऑर यांनी १९२९ मध्ये कुरणांतील खनिजांवर लिहिलेल्या ग्रंथानंतर तर ‘माती–चारा–जनावर’ ही साखळी पशुपोषणशास्त्राचा पायाच बनली.

थायलर यांच्या गुरांचा प्रश्न सरळ होता. चाऱ्यात स्फुरद नव्हते, म्हणून ते बाहेरून द्यावे लागले. मात्र चाऱ्यात स्फुरद भरपूर असूनही जनावराला ते न मिळण्याचा दुसरा, अधिक गुंतागुंतीचा प्रश्न अद्याप पुढे यायचा होता.

२. बियांमधील कुलूपबंद स्फुरद

वनस्पती आपल्या बियांमध्ये पुढील रोपट्यासाठी स्फुरद साठवून ठेवते. मका, गहू, ज्वारी, भाताचा कोंडा, सोयापेंड या खाद्यांतील एकूण स्फुरदापैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश भाग फायटिक आम्लाच्या म्हणजे फायटेटच्या रूपात असतो. इनॉसिटॉल नावाच्या कड्याला सहा फॉस्फेट गट जोडलेले असावेत, अशी त्याची रचना आहे. हे गट सुटे झाल्याखेरीज आतड्यातून शोषले जात नाहीत. इतकेच नव्हे, तर फायटेटचा रेणू कॅल्शियम, जस्त व लोह यांनाही आपल्याशी घट्ट बांधून ठेवतो.

बी रुजू लागते तेव्हा हे कुलूप उघडणारी किल्ली बी स्वतःच तयार करते. ही किल्ली म्हणजे फायटेज हे विकर होय. भाताच्या कोंड्यात असे विकर असल्याचे टोकियो येथील उमेतारो सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. हेच सुझुकी पुढे भाताच्या कोंड्यातून बेरीबेरीविरोधी घटक वेगळा करण्यासाठी प्रसिद्धीस आले. १९३७ मध्ये डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांनी पांढऱ्या उंदरांच्या आतड्यात फायटिनचे विघटन करणारे विकर असल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविणाऱ्या या शास्त्रज्ञाचे काम फायटेट संशोधनाच्या प्रारंभिक इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे.

फायटेटचा दुष्परिणाम प्रथम मानवी आहाराच्या संदर्भात चर्चिला गेला. ओटसारखे धान्य भरपूर खाल्ल्यास मुडदूस बळावतो, याचे कारण फायटिक आम्ल असल्याचे एडवर्ड मेलान्बी यांनी कुत्र्याच्या पिलांवरील प्रयोगांतून मांडले. मॅकन्स व विडोसन या जोडीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रौढ माणसांवर प्रयोग करून कोंड्यासह असलेल्या पिठाच्या पावातून कॅल्शियम कमी शोषले जाते, असे दाखविले. युद्धकाळात ब्रिटनमध्ये पिठात खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट मिसळण्याच्या निर्णयामागे हे संशोधन होते.

पशुआहारात हा विषय जस्ताच्या वाटेने आला. १९५५ मध्ये अमेरिकेतील टकर व सॅमन यांनी डुकरांच्या कातडीवर खपल्या धरण्याचा एक रोग जस्त दिल्याने बरा होतो, असे सिद्ध केले. खाद्यात जस्त अगदीच नव्हते असे नाही. कॅल्शियमचे जादा प्रमाण हा रोग अधिक बळावत असे. १९६०च्या सुमारास ओडेल व सॅव्हेज यांनी कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून फायटिक आम्लामुळे जस्ताची उपलब्धता घटते, हे दाखविले. त्यानंतर थोड्याच काळात मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण व इजिप्तमधील खुरटलेल्या तरुणांच्या अभ्यासातून मानवातील जस्ताची उणीव जगापुढे आणली. त्या तरुणांच्या आहारातही धान्याच्या भाकरीचे प्राबल्य होते. डुक्कर, कोंबडी आणि माणूस या तिघांच्या बाबतीत सूत्र एकच निघाले. रासायनिक पृथक्करणाने खाद्यातील खनिजाचा आकडा कळतो, पण पोटातील व्यवहार कळत नाही.

३. एकच कोंडा, दोन पोटे

या ठिकाणी रवंथ करणारी जनावरे व एकपोटी प्राणी यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि ते स्वतः फायटेज तयार करतात. त्यामुळे गायीला कोंड्यातील बहुतांश स्फुरद मिळते. कोंबडी आणि डुक्कर यांच्या पोटात ही सोय जवळजवळ नसते. तोच मूठभर कोंडा गायीच्या दृष्टीने स्फुरदाचा चांगला स्रोत ठरतो, तर कोंबडीच्या दृष्टीने त्यातील बरेचसे स्फुरद विष्ठेवाटे निघून जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिका व युरोपात कोंबडी व डुक्करपालन मका आणि सोयापेंड यांवर आधारलेला मोठा उद्योग बनला. खाद्यातील फायटेट निरुपयोगी असल्याने त्यात डायकॅल्शियम फॉस्फेटसारखे खनिज फॉस्फेट मिसळण्याची पद्धत रूढ झाली. हे फॉस्फेट खाणीतील दगडापासून मिळे आणि ते स्वस्त होते. परिणामी पक्ष्यांच्या पोटातून दोन प्रकारचे स्फुरद बाहेर पडू लागले. एक पचलेच नाही ते आणि दुसरे गरजेपेक्षा जास्त घातले गेले ते. त्या काळी याची कोणासही विशेष चिंता वाटली नाही.

४. नेल्सन आणि मातीतील बुरशी

पशुखाद्यात विकरे मिसळण्याची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. कोंबड्यांना बुरशीजन्य विकर देण्याचा प्रयोग १९२५ च्या सुमारास अमेरिकेत झाला होता. १९५७ मध्ये बार्लीवर पोसलेल्या पिलांना विकरे दिल्यास त्यांची वाढ सुधारते, असे आढळले होते. १९६२ मध्ये वॉर्डन व शेबल यांनी पिलांना फायटेटमधील स्फुरद मिळवून देण्याचे प्राथमिक प्रयोग केले. मात्र या विषयाचा पद्धतशीर पाठपुरावा टी. एस. नेल्सन आणि त्यांच्या गटाने केला.

हे संशोधन इंटरनॅशनल मिनरल्स अँड केमिकल कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत झाले. ही कंपनी स्वतः फॉस्फेटच्या खाणी चालवून खते व पशुखाद्यासाठी फॉस्फेट विकणारी होती. ज्या वस्तूच्या विक्रीवर आपला व्यवसाय चालतो, तिची गरज कमी करणारे विकर शोधण्यास याच कंपनीने पैसा पुरविला, हा या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास होय.

पहिले काम योग्य सूक्ष्मजीव शोधण्याचे होते. शी व वेअर या संशोधकांनी मातीतून वेगळे केलेल्या दोन हजारांहून अधिक सूक्ष्मजीवांची चाचणी घेतली. विकर पेशीबाहेर सोडणारे सूक्ष्मजीव त्यांतून मोजकेच निघाले. ॲस्परजिलस फायकम या नावाने ओळखली जाणारी एक बुरशी त्यांत सर्वांत कार्यक्षम ठरली. आजच्या वर्गीकरणानुसार ती ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीच्या गटात मोडते. हा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी नेल्सन यांच्या गटाने बुरशीच्या विकराची प्रक्रिया केलेली सोयापेंड पिलांना खाऊ घालून तीतील फायटेट स्फुरद वापरले जाते, हे दाखविले. मात्र पेंडीवर आधी प्रक्रिया करणे खर्चिक व गैरसोयीचे होते. म्हणून पुढचा प्रश्न असा होता की, विकर थेट खाद्यात मिसळले तर ते पिलाच्या पोटातील आम्लात टिकून काम करील काय? १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नेल्सन, शी, वॉडझिन्स्की व वेअर यांनी या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दिले. विकर मिसळलेले खाद्य खाणाऱ्या पिलांच्या हाडांतील राखेचे प्रमाण वाढले. हाडे जाळल्यावर उरणारी राख हा हाडांच्या खनिजसंचयाचा विश्वासार्ह निकष मानला जातो. विकरामुळे सुटे झालेले स्फुरद पिले खनिज फॉस्फेटइतक्याच चांगल्या रीतीने वापरतात, असा निष्कर्ष या प्रयोगातून निघाला.

वैज्ञानिक दृष्ट्या प्रश्न सुटला होता. तथापि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे हे विकर बाजारात आले नाही.

५. वीस वर्षांचा खंड

या विलंबाचे कारण निबंधांत नव्हे, तर हिशेबात होते. तत्कालीन पद्धतीने बुरशीकडून मिळणारे विकर अल्प आणि महाग होते. ते वापरून वाचणारे खनिज फॉस्फेट मात्र स्वस्त होते. खाद्य तयार करणाऱ्या कारखानदाराच्या दृष्टीने पोतेभर फॉस्फेट ओतणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. विष्ठेतून वाया जाणाऱ्या स्फुरदाची किंमत त्या हिशेबात कोठेही मांडलेली नव्हती, कारण ती कारखानदाराला नव्हे, तर नदी-तलावांना आणि त्यांच्या काठच्या लोकांना मोजावी लागत होती.

ही किंमत सर्वांत आधी नेदरलँड्समध्ये डोळ्यांत भरू लागली. या लहानशा देशात, विशेषतः दक्षिण व पूर्वेकडील रेताड जमिनीच्या प्रांतांत, आयात केलेल्या सोयाबीन, टॅपिओका आदी खाद्यांवर लक्षावधी डुकरे व कोंबड्या पोसल्या जात होत्या. परदेशातील शेतांतले स्फुरद जहाजाने येऊन डच गोठ्यांतून डच जमिनीत साचत होते. पिकांच्या गरजेहून कितीतरी अधिक मलमूत्र शेतांत पडल्याने जमिनी स्फुरदाने तृप्त झाल्या. हे स्फुरद पाण्यात उतरले की शेवाळ माजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. १९८४ मध्ये डच शासनाने तातडीचा कायदा करून डुक्कर व कोंबडीपालनाच्या विस्तारावर निर्बंध घातले. १९८७ पासून जमिनीवर टाकावयाच्या खताची मर्यादा त्यातील फॉस्फेटच्या प्रमाणावरून ठरविण्यात आली.

या कायद्याने हिशेबाची बाजूच बदलली. विष्ठेतील प्रत्येक किलो फॉस्फेटला आता किंमत आली आणि कपाटात पडून राहिलेल्या जुन्या निबंधांना अर्थ प्राप्त झाला. डच संशोधक पी. सी. एम. सिमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये निर्णायक निबंध प्रसिद्ध केला. कमी स्फुरदाच्या खाद्यात सूक्ष्मजीवजन्य फायटेज मिसळल्यास मांसल कोंबड्यांत स्फुरदाची उपलब्धता ६० टक्क्यांच्या वर जाते आणि विष्ठेतील स्फुरद ५० टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. डुकरांच्या विष्ठेतील घट ३५ टक्के होती.

उत्पादनाची अडचण जैवतंत्रज्ञानाने दूर केली. डेल्फ्ट येथील गिस्ट-ब्रोकेड्स या कंपनीने बुरशीतील फायटेजचे जनुक वेगळे करून त्याच्या साहाय्याने विकराचे उत्पादन अनेक पटींनी वाढविले. बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९९१ मध्ये ‘नॅट्युफॉस’ हे फायटेज नेदरलँड्सच्या बाजारात आले. नेल्सन यांच्या गटाने निवडलेल्या बुरशीचेच जनुक या उत्पादनाच्या मुळाशी होते.

६. १९९१ नंतरची वाटचाल

फायटेजच्या प्रसाराला पुढील काळात दोन घटनांनी गती दिली. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये ओळखल्या गेलेल्या ‘मॅड काऊ’ रोगाचा प्रसार मृत जनावरांच्या मांस-हाडांच्या भुकटीतून होतो, हे स्पष्ट झाल्यावर तेथे १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना तशी भुकटी देण्यास बंदी आली. १९९० च्या दशकात रोग युरोपात इतरत्र पसरल्यानंतर २००१ च्या आरंभापासून युरोपीय संघाने ती सर्वच पाळीव पशूंच्या खाद्यातून वर्ज्य केली. थायलर यांच्या काळापासून विश्वासाचा मानला गेलेला हाडांचा स्रोत अशा प्रकारे अचानक बंद झाला. पुढील काळात या बंदीत काही सवलती देण्यात आल्या, तरी तोवर विकराने आपली जागा पक्की केली होती. अमेरिकेत मेरीलंड राज्याने चेसापीक उपसागराच्या प्रदूषणाच्या पार्श्वभूमीवर १९९८ मध्ये केलेल्या कायद्यात कोंबडीखाद्यात फायटेज वा तत्सम विकर वापरण्याची तरतूद केली.

तांत्रिक अडचणीही क्रमाने सुटत गेल्या. गोळीखाद्य तयार करताना वाफेच्या उष्णतेने विकर निकामी होई. त्यावर विकराला संरक्षक लेप देणे, ते द्रवरूपात नंतर फवारणे आणि उष्णता सोसणारे प्रकार शोधणे असे उपाय निघाले. बुरशीखेरीज ई. कोलाय या जिवाणूपासून मिळणारी फायटेजही वापरात आली.

याच कल्पनेचे टोक म्हणजे कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचा ‘एन्व्हायरोपिग’ प्रकल्प होय. लाळेतच फायटेज स्रवणारी जनुक-परिवर्तित डुकरे तेथे १९९९ मध्ये जन्मास आली व त्यांवरील निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठेतील स्फुरद लक्षणीय घटूनही या डुकरांना बाजारात स्थान मिळाले नाही. निधी थांबल्यावर २०१२ मध्ये हा कळप संपविण्यात आला. खाद्यात चिमूटभर विकर मिसळून जे साधते, त्यासाठी प्राण्याचेच जनुक बदलण्याची गरज समाजाला पटली नाही, असे या प्रसंगाबाबत म्हणता येईल.

७. भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात या दोन्ही प्रकारचे प्रश्न शेजारी-शेजारी नांदतात. पुणे परिसरात १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केल्यापासून महाराष्ट्रातील कुक्कुटपालनाने आधुनिक उद्योगाचे रूप घेतले. मका आणि सोयापेंड हाच या उद्योगाच्या खाद्याचा आधार असल्याने नेल्सन यांनी हाताळलेला प्रश्न येथे जसाच्या तसा लागू होतो. उदयपूरजवळील झामरकोटडा येथे फॉस्फेट खडकाच्या खाणी असल्या, तरी देशाची बहुतांश गरज आयातीतून भागते. २००७-०८ मध्ये जागतिक बाजारात फॉस्फेट खडकाचे भाव भडकले, तेव्हा खाद्यातील फॉस्फेटची बचत ही केवळ पर्यावरणाची बाब नसून खर्चाचीही बाब आहे, हे सर्वत्र जाणवले. फायटेज आज भारतीय कोंबडीखाद्यातील नित्याचा घटक झाला आहे.

कोरडवाहू भागातील लहान शेतकऱ्याच्या गोठ्यातील प्रश्न मात्र थायलर यांच्या माळाशी अधिक जवळचा आहे. ज्वारीचा कडबा, भाताचे काड, वाळलेले गवत हा चारा स्फुरदाच्या बाबतीत निकृष्ट असतो. माती चाटणारी, चिंध्या व हाडे चघळणारी जनावरे, वारंवार उलटणाऱ्या गायी, व्याल्यानंतर लाल लघवी करणाऱ्या म्हशी ही दृश्ये ग्रामीण पशुवैद्यकाला अपरिचित नाहीत आणि त्यांमागील कारणांत स्फुरदाची उणीव हे एक महत्त्वाचे कारण असते. या जनावरांना फायटेज देऊन काही साधत नाही, कारण त्यांच्या कोटीपोटात ते असतेच आणि चाऱ्यात मुळात सोडविण्यासारखे स्फुरदच थोडे असते. त्यांना खनिज मिश्रण, कोंडा, पेंड यांच्या रूपाने स्फुरद पुरविणे हाच मार्ग होय. भारतीय मानक संस्थेने गुरांच्या खनिज मिश्रणासाठी मानक ठरविलेले आहे. बंगळूर येथे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने प्रदेशनिहाय माती व चारा तपासून त्या-त्या भागाला अनुरूप खनिज मिश्रणे सुचविण्याच्या कामास चालना दिली आहे.

फायटेजचा वापर भारतीय स्वयंपाकघराला मात्र नवा नाही. मटकीला मोड आणणे, नाचणी भिजवून व मोड आणून सत्त्व काढणे, पीठ आंबवून आंबील करणे या प्रक्रियांत धान्यातील वा सूक्ष्मजीवांतील फायटेज कार्यरत होते व खनिजे काही प्रमाणात मोकळी होतात. विकराचे नाव ठाऊक नसतानाही त्याचा उपयोग परंपरेने आत्मसात केला होता, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

समारोप

पशुआहारातील स्फुरदाच्या संशोधनाचा इतिहास उणिवेपासून सुरू होऊन अतिरेकापर्यंत पोहोचतो. थायलर यांच्यापुढे स्फुरदाविना तडफडणारी गुरे होती, तर सिमन्स यांच्यापुढे स्फुरदाने तुडुंब भरलेली जमीन होती. या दोहोंच्या मध्ये नेल्सन यांचे काम उभे आहे. खाद्यात काय आहे, यापेक्षा त्यातील किती जनावराच्या उपयोगी पडते, या प्रश्नाला त्यांनी प्रयोगाने उत्तर दिले. मात्र ते उत्तर उपयोगात येण्यासाठी वाया जाणाऱ्या स्फुरदाला कायद्याने किंमत मिळेपर्यंत समाजाला थांबावे लागले. १९७१ ते १९९१ या वीस वर्षांत जे स्फुरद नद्या-तलावांत गेले, ते अज्ञानामुळे नव्हे, तर उपलब्ध ज्ञान न परवडल्यामुळे गेले, ही या इतिहासाची गंभीर बाजू होय.

फॉस्फेट खडक हा पुन्हा निर्माण न होणारा साठा आहे आणि स्फुरदाला शेतीत पर्याय नाही. या पार्श्वभूमीवर दोन्ही उपाय एकमेकांना पूरक ठरतात. जेथे खाद्यात स्फुरद आहे पण ते बंदिस्त आहे, तेथे विकर हवे. जेथे ते मुळातच नाही, तेथे खनिज हवे. कोणत्या गोठ्यात कोणती स्थिती आहे, हे जागेवर तपासून ठरविणे हीच पशुपोषणतज्ज्ञाची खरी जबाबदारी आहे. कोंबडीच्या मोठ्या उद्योगाला विकराचा लाभ मिळाला, तसा कोरडवाहू शेतकऱ्याच्या एका-दोन जनावरांपर्यंत खनिजाचा लाभ पोहोचला, तरच शंभर वर्षांच्या या संशोधनाचे ऋण खऱ्या अर्थाने फेडले जाईल.